प्रार्थना करून सांगतो

"ताई, आवाज खाली. हे चर्च आहे," रुपचंदभाऊ म्हणाले.

"चर्च आहे म्हणूनच विचारतेय. तानुबाईची खोली कुणी रिकामी केली?"

रविवारची उपासना नुकतीच आटोपली होती. मंडळी बाहेर चहा घेत होती आणि आत पंच कमिटीसमोर नूतन सिस्टर उभी होती. रुपचंदभाऊ मोठे पंच. धुळ्यात टाइल्सचं दुकान, बोलण्याला वजन. त्यांनी पाळकांकडं पाहिलं. जितेंद्र पाळक वयानं लहान. त्यांनी जमिनीकडं पाहिलं.

तानुबाई म्हणजे चर्चची झाडलोट करणारी म्हातारी. चाळीस वर्षं चर्चच्या मागच्या खोलीत राहिली. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. मागच्या महिन्यात फरशी पुसताना घसरली, खुबा मोडला, नूतन जिथं नर्स होती त्याच हॉस्पिटलात, तिच्याच वॉर्डात ऑपरेशन झालं. उद्या तिचा डिस्चार्ज होता. म्हणून तिचं धुतलेलं लुगडं न्यायला नूतन खोलीवर गेली, तर दाराला नवंकोरं कुलूप आणि म्हातारीचे कपडे, तवा, गोधडी बाहेर ओट्यावर एका पोत्यात कोंबलेली.

"प्रभूनं माझ्या मनात घातलं, ताई," भाऊ म्हणाले, "की मंडळीला एक एकांताची खोली हवी. खाली गालिचा, वर एसी. माणसानं शांत बसावं, त्याची वाणी ऐकावी. बाहेर इतका गोंगाट, लोकांना देवाचा आवाजच ऐकू येत नाही."

"आणि तानुबाईनं कुठं जायचं?"

"तिचंही ओझं आहेच आमच्या मनावर. प्रार्थना करून सांगतो."

झालं! नूतनच्या डोक्यात तिडीक गेली. हे वाक्य तिनं उभ्या आयुष्यात शंभरदा ऐकलं होतं. ही माणसं तोंडानं कधी नाही म्हणत नाहीत. प्रार्थना करून सांगतो म्हणतात आणि पंधरा दिवसांनी चेहरा पाडून येतात, की मनाला शांती मिळाली नाही हो. म्हणजे नकार देवाचा आणि हे नामानिराळे! मुलाच्या लग्नाचा हॉल ठरवताना बरी यांना तासाभरात शांती मिळाली होती.

"किती वेळ लागेल प्रार्थनेला?" तिनं विचारलं. "डिस्चार्ज उद्या दहाला आहे."

"मनात कडूपणा नको, सिस्टर," पाळक हळूच म्हणाले. "त्याची वाणी ऐकायला आपण सगळ्यांनीच शिकायला हवं."

तिनं पोतं उचललं, स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि निघाली. घरापर्यंत तिचं स्वतःशी भांडण चाललं होतं. तिला कधी आवाज ऐकू आला नव्हता, हे खरंच होतं. दर रविवारी लोक साक्ष द्यायला उभे राहत. कुणाला पहाटे वचन मिळालेलं, कुणाला स्वप्न पडलेलं. नूतनला तीस वर्षांत ऐकू आलं ते एकच, "ओ सिस्टर!" आणि ती उठली, कधी सलाइन बदलायला, कधी ओकारी पुसायला. आपण कमी विश्वासाच्या, असं ती समजून चालली होती. पण शास्त्र तर तिनंही वाचलं होतं ना! मोशेला हाक आली ती जुलमी फारो राजाच्या तोंडी जा म्हणून. योनाला सांगितलं शत्रूच्या निनवे शहरात जा. ज्याला ज्याला देव बोलला त्याचं काम वाढलं, बिचाऱ्याची झोप उडाली. गालिचा अंथर, एसी बसव, असं तो कुणाला म्हणाल्याचं तिला काही केल्या आठवेना.

सकाळी ड्युटीवर गेली तर तानुबाई तयार होऊन बसलेली. केस विंचरलेले, वॉकर जवळ ओढलेला.

"पोरी, मनी खोली झाडी का कोनी?"

खोटं बोलायचं नूतननं रात्रीच ठरवलं होतं. पण त्या तोंडाकडं बघून ते काही जमलं नाही. तिनं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत राहिली. ना रडली, ना चिडली. नूतनलाच संताप आवरेना.

"देवाचा आवाज ऐकायला खोली पाहिजे म्हणे त्यांना! तुला कधी बोलला का गं तो? इतकी वर्षं त्याचं घर झाडलंस!"

"बोलस ना," तानुबाई म्हणाली, जशी शेजारणीबद्दल सांगावी. "झाडता झाडता बोलस."

"काय म्हणतो?"

"म्हनस, तानु, तो कोपरा झाडाना ऱ्हायना."

नूतनला हसू आलं. तेवढ्यात राउंडवर डॉक्टर आले. फाइल बघून म्हणाले, "आजी छान आहेत. पण सिस्टर, पुढचे दोन महिने उठवायला-बसवायला माणूस लागेल. वृद्धाश्रमाचं बघायचं, की तुम्हीच नेता घरी? तुमच्या ओळखीच्या दिसतात."

दोन खोल्यांचं घर. गुडघे दुखतात. निवृत्तीला चार महिने उरलेत, मग पाचोऱ्याला लेकीकडं जायचं ठरलंय. हे सगळं एका क्षणात नूतनच्या मनात येऊन गेलं आणि ती म्हणाली,

"प्रार्थना करून सांगते, डॉक्टर."

बोलली आणि तिचे कान तापले. कुणी थोबाडीत दिली असती तरी इतकं लागलं नसतं. काल ज्या वाक्यावर ती चर्च डोक्यावर घेऊन आली, तेच तिच्या तोंडात तयार होतं! डॉक्टर मान हलवून पुढच्या खाटेकडं वळले. त्यांना काय माहीत! तानुबाई वॉकरच्या रबराकडं बघत होती. तिला मात्र कळलं असावं.

स्वतःचीच अशी चीड नूतनला आजवर कधी आली नव्हती. शांती वगैरे काही नव्हती, आत नुसती आग पेटली होती. आणि त्या आगीतच तिला कळलं की ऐकू यायचं ते ऐकू आलेलं आहे, कालपासूनच येतंय. तिनं शेजारच्या लताबाईंना फोन लावला. लताबाई कापडण्याच्या शेतकरी घरातल्या, रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या. चर्चची पायरी कधी चढलेल्या नाहीत.

"माझी दिवसपाळी असली की म्हातारीकडं बघाल का हो थोडं?"

"त्यात इचारनं काय, ताई? ली या. मी शे ना घर."

घेऊन या, एवढंच. कसली शांती नि कसले पंधरा दिवस! नूतननं डॉक्टरांना अर्ध्या वॉर्डात गाठलं. "मी नेतेय," म्हणाली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर रुपचंदभाऊ नूतनच्या घरी भेटीला आले. इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात डझनभर केळी, मागं पाळक. खोली छान झाली आहे, पहिल्याच दिवशी तिथं प्रभूची फार मोठी उपस्थिती जाणवली, असं त्यांनी सांगितलं. मग नूतनकडं वळून म्हणाले, "बघा ताई, आम्ही प्रार्थना केली आणि प्रभूनं तुम्हाला सेवेची केवढी संधी दिली!"

नूतननं तानुबाईची उशी सरळ केली. बोलली असती तर केळी त्यांच्याच अंगावर गेली असती. भाऊंनी केळी पाळकांकडं दिली, डोळे मिटले, हात वर केले आणि प्रार्थना सुरू केली. वाणी चांगली होती त्यांची. आभार मानून झाले, स्तुती झाली, मंडळीवर आशीर्वाद मागून झाले.

"पोरी, माले उठाड," तानुबाई पुटपुटली.

भाऊंनी आवाज थोडा चढवला.

"पोरी, दम निंघत नई."

"आमेन!" नूतन मोठ्यानं म्हणाली. भाऊंनी दचकून डोळे उघडले. "आमेन म्हटलं, भाऊ. तिला संडासला जायचंय. मी इकडून धरते, तुम्ही त्या बाजूनं हात द्या."

तानुबाईनं विश्वासानं हात पुढं केला. काळा, सुरकुतलेला, झाडू धरून बोटं वाकडी झालेला. भाऊ त्या हाताकडं बघत राहिले. मग पाळकांकडं बघितलं. पाळक केळी कुठं ठेवावीत ते शोधत होते.

म्हातारीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग हात मागं घेतला, खाटेच्या लाकडाला घट्ट धरला आणि दात आवळून स्वतःच अर्धी उठली.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ती म्हणाली. "भाऊना कपडा पांढरा शेतस."