रस्त्यावरच्या माणसाचं गाऱ्हाणं

दत्तप्रसादला सांगून सांगून सुविधाच्या तोंडाला फेस आला होता. गाडीचा विमा संपलाय, भरा. सगळा नको तर नको, पण आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याला भरपाई मिळते, तेवढा तरी भरा. कायद्याने तो लागतोच. पण नवऱ्याचं एकच पालुपद, "इतकी वर्षं चालवतोय, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि देवाला गाऱ्हाणं घातलंय ना!"

घातलं होतं खरं. गाडी घेतली तेव्हा लाटंबार्सेच्या देवळासमोर, चाकांखाली लिंबं ठेवून, शेजारच्या भिकाजीमामांनी हातात नारळ धरला होता. "ह्या लेकराला आणि त्याच्या गाडीला सांभाळ रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" सुविधाही म्हणाली होती.

आणि काल वळणावर म्हापशाची बस समोरून आली, ह्याने गाडी कडेला दाबली, आणि काजूची पाटी घेऊन कडेने चाललेला माणूस उडाला. कोण? भिकाजीमामाच! मांडीचं हाड मोडलं. काजूचा ऐन हंगाम, आणि घरात कमावणारे ते एकटेच.

"बस आली, त्याला मी काय करू?" हॉस्पिटलच्या जिन्यावर दत्तप्रसाद कुरकुरला.

"विमा भरायचा होतात!" सुविधा कडाडली. "कंपनीने त्यांना भरपाई दिली असती. आता त्यांच्या घरात चूल कशावर पेटायची? तुमच्या लिंबांवर?"

तरी अक्कल आली नाही. खाटेजवळ वाकून तो म्हणाला, "मामा, पोलिसांना सांगा, पाय घसरून पडलो. आपण घरचीच माणसं."

सुविधाला लाजेने मेल्यासारखं झालं.

मामा म्हणाले, "दत्तू, मी तुझ्यासाठी मागितलं, गाडीसाठी मागितलं. देवाने दिलं, तुला ओरखडा नाही. रस्त्यावरच्या माणसासाठी मागायचं माझ्या ध्यानातच आलं नाही बघ. पण त्याची सोय तुझ्या हातात होती रे."

दत्तप्रसादची मान खाली गेली. सुविधाने त्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि मामांच्या उशाशी ठेवली.

"मामा, गाडी विकून येईल ते तुमचं. आणि पोलिसांना खरं तेच सांगा."

"अगो, मग मी तुये गावाला कामाला जाऊ कसा?" दत्तप्रसादने विचारलं.

"बसने," ती म्हणाली. "आणि बसस्टॉपपर्यंत चालत. रस्त्याच्या कडेने."