केरूदादांचा शब्द

"दादा, उठा. बाहेर ओट्यावर जाऊन बसा."

हे मी म्हणाले, आणि तेही केरूदादांना! ज्यांनी मला शास्त्र, म्हणजे बायबल, कसं वाचायचं ते शिकवलं, त्यांना. वर्गातले सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

"बघता काय? नियम दादांचाच आहे ना?"

दादा हसले, चप्पल घातली आणि निमूट बाहेर गेले.

केरूदादा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. आमची ख्रिस्ती मंडळी पवित्र आत्म्याने भरून गाणारी, भरात कुणालाच न कळणाऱ्या अन्य भाषांत बोलणारी. रविवारी कुणीतरी उभं राहून 'प्रभू म्हणतो' असं सुरू केलं की हालेलूयाने पत्रे दणाणत. शहात्तर साली दादांनी गुरुवारचा अभ्यासवर्ग काढला. टपालाने धडे मागवून, जेवणाच्या सुट्टीत घोकून ते नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक शिकले होते. पास्टर गोटीराम तेव्हा म्हणाले, "पुस्तकांनी आत्मा विझतो, केरू." दादा म्हणाले, "पास्टर, पंप खोलून बघितला म्हणून विहीर आटत नाही."

वर्गाचा नियम एकच. रविवारी कुणी असा प्रभूचा संदेश दिला की गुरुवारी बाकीच्यांनी तो शास्त्रावर घासून पारखायचा, आणि तोवर सांगणाऱ्याने बाहेर बसायचं. मी स्वतः दोनदा बाहेर बसले आहे. एकदा माझा संदेश नापास झाला, तेव्हा महिनाभर तोंड फुगवून होते.

सात वर्षांत दादांवर मात्र ही वेळ आली नव्हती. मागच्या रविवारी फुलाबाई प्रार्थनेला पुढे आल्या. त्यांच्या छातीत गाठ, ऑपरेशन ठरलेलं. दादांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या देहाला सुरी लागणार नाही, प्रभू म्हणतो." फुलाबाई नाचत घरी गेल्या आणि सोमवारी दवाखान्यात 'नको' सांगून आल्या. मी त्याच दवाखान्यात नर्स. ती गाठ मी हाताने तपासली होती. आता थांबणं म्हणजे बाई हातची घालवणं.

"पण दादांचं चुकेल कसं?" लताबाई म्हणाल्या. त्या तहसील कचेरीत टायपिस्ट.

तेव्हा मल्हारी बोलला. हा वर्कशॉपमध्ये वेल्डर, एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही. "नाथान संदेष्टा आठवा. दावीद राजा म्हनला, देवाचं मंदिर बांधतो. नाथान म्हनला, बांध, देव तुझ्यासंगं हाय. अन् त्याच रात्री देवानं सांगितलं, मी असं बोललोच नाय. नाथान काय खोटा व्हता? राजावर माया व्हती, म्हनून बोलून गेला. दुसऱ्या दिशी जाऊन त्यानंच शब्द फिरवला. हे आपल्याला दादांनीच शिकवलंय."

दादांचा संदेश नापास, यावर सगळ्यांचं एकमत झालं. लताबाई रडत होत्या.

दादांना आत बोलावलं. मल्हारीने अडखळत सगळं सांगितलं.

"बरोबर वाचलंत," दादा म्हणाले. "माझी बायको साळू ऑपरेशनच्या टेबलावरच गेली. तेव्हापासून मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. फुलाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला साळूच दिसली. ते माझं भय बोललं. प्रभूचं नाव मी उगाच लावलं."

दादा रविवारी सगळ्यांसमोर शब्द मागे घेणार हे कळलं, तसे शनिवारी पास्टर वर्गाच्या खोलीवर आले. "चारचौघांत बोलू नकोस, केरू. उद्या कुणाच्याच संदेशावर लोकांचा विश्वास राहणार नाही. तुझ्या त्या वर्गाने हे दिवस आणले!"

"पास्टर, वर्ग नसता तर बाई जिवाला मुकली असती," दादा म्हणाले. "वर्ग चालणार."

मला त्या क्षणी दादांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

रविवारी दादा उभे राहिले. "फुलाबाई, तो शब्द प्रभूचा नव्हता. माझा होता. मला क्षमा करा. ऑपरेशन करून घ्या."

एकही हालेलूया निघाला नाही. फुलाबाई जागच्या उठल्या.

"दादा, आठ दिस मी किती खूश व्हते."

"हो, बाई."

"आता लय भ्याव वाटतंय."

"मलाही वाटतंय."

"मंग तुमी चला माज्यासंगं. तुमीच थांबवलं, तुमीच न्या."

मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांच्या मागे लागून नवी तारीख मिळवली. नेमका गुरुवार आला. त्या दिवशी वर्ग मल्हारीने घेतला आणि खोली भरली होती, असं लताबाईंनी नंतर सांगितलं. दादा सकाळपासून थिएटरबाहेरच्या बाकावर होते. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. दर पाच मिनिटांनी मला विचारत, "चांगुणा, अजून किती?" शेवटी मी खेकसले, "दादा, डॉक्टरांना शिवू तरी द्या!"

गाठ निघाली. दुपारी फुलाबाईंनी डोळे उघडले, तेव्हा मी दादांना दोन मिनिटांसाठी आत घेतलं.

"दादा," त्या पुटपुटल्या, "प्रभू काय म्हनतो?"

दादांनी स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसले.

"अजून काही म्हणाला नाही, बाई. मी बसलोय इथं."