मायसीनीचा घडा बेलव्ह्यूत

मी एक जुना घडा आहे, मित्रांनो, आणि जुना म्हणजे तुमच्या आजोबांच्या ट्रंकेइतका नव्हे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या मायसीनीजवळ एका कुंभाराने मला चाकावर उभं केलं. आज अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या या खोक्यात मला घटकाभर चैन नाही.

ग्रीस म्हटलं की लोकांना संगमरवरी खांब आठवतात. ते फार नंतरचे. आधी आम्ही होतो, माती. माझ्या पोटावरचा ऑक्टोपस माझ्या कुंभाराने क्रीट बेटावरच्या लोकांकडून उचलला. लिहिणंही तिथूनच आलं. राजवाड्यातले कारकून मातीच्या पाट्यांवर तेल, मेंढ्या आणि दळणाऱ्या दासींची नोंद करायचे. पुढे राजवाडे जळाले, लोक लिहिणं विसरले आणि कित्येक पिढ्यांनंतर फिनिशियन खलाशांकडून नवी अक्षरं शिकले. कुठलीही संस्कृती आभाळातून पडत नाही. तसं सांगणारा खोटं बोलतो.

मी एका बाईच्या घरी होतो. मेजवानीत माझ्यात वाइन आणि पाणी मिसळायचे, पाहुणे माझी तारीफ करायचे. ती गेली तेव्हा मला तिच्या उशाशी पुरलं. मग अलीकडे चोरांची कुदळ लागली. विक्रेत्याने तुकडे चिकटवले, भोक प्लास्टरने बुजवलं, वर रंग दिला. जुन्या युरोपियन घराण्याच्या संग्रहातला, असं त्याने सांगितलं म्हणून शैलेंद्रने मला घेतलं. तो इथला सॉफ्टवेअरवाला. पाहुण्यांना मला दाखवायचा. माझ्यात थेंबभर पाणी कुणी ओतलं नाही.

नवरात्रात त्याची शैलजाकाकू नागपूरहून आली. तिला घटस्थापनेला मातीचाच घट हवा होता आणि दुकानात सगळे स्टीलचे. शैलेंद्र ऑफिसला गेल्यावर तिने मला काचेच्या कपाटातून काढलं, पाणी भरलं आणि आपल्या खोलीत देवीपुढे गहू पेरलेल्या मातीवर ठेवलं. घट पाझरतो आणि त्या ओलीवर धान्य उगवतं. मी पाझरलो. किती काळाने कुणी काम दिलं होतं! पण आतला गोंदही सुटत होता.

अष्टमीला माझ्या कुशीचा तुकडा निसटला. शैलेंद्र पिसाळला. काकू म्हणाली, मला काय ठाऊक, मडकंच ना ते. कॉलेजात पुरातत्त्व शिकणाऱ्या त्याच्या मुलीने, उत्तराने, तुकडा उचलला.

"बाबा, धिस इज अ फ्रेश ब्रेक. गोंदाखालची कड जुनी नाही, खणतानाच कुणीतरी कुदळ मारलीय. एवढी धड भांडी बहुतेक थडग्यातच सापडतात."

"अगं, डीलर म्हणाला की..."

"डीलर काय म्हणणार? 'चोरीचं आहे, सर', असं?"

काकूचा चेहरा उतरला. "मेलेल्या माणसाच्या थडग्यातलं आणलंस, आणि मी ते देवीपुढे मांडलं?"

"रिपेअर करून घेऊ, काकू. कुणाला कळणार नाही."

"मला कळलंय. ज्यांचं आहे त्यांना फोन कर. तोवर माझा उपास सुटायचा नाही."

नवमी गेली. दसऱ्याच्या पुरणपोळीलाही तिने हात लावला नाही. शैलेंद्र दारं आपटत फिरला, तिला हट्टी म्हणाला, आणि शेवटी ग्रीसच्या वकिलातीला त्याने फोन लावला. आवाज इतका खाली गेला होता की पलीकडच्याने त्याला दोनदा नाव विचारलं. मग काकूने वरणभात मागितला.

आता मी टॉवेलात गुंडाळलेला पडून आहे. न्यायला माणसं येणार म्हणतात. येईपर्यंत मला भरवसा नाही, कारण शैलेंद्र रोज झाकण उघडून बघतो, त्याचं मन बदलेल की काय.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या असं सगळेच सांगतात. शैलेंद्रनेही घेतली, काचेत ठेवून. आधी विचारा, वस्तू कुणाची. आणि माझी कूस आता बुजवू नका. कुदळीचा घाव दिसू दे. मला फुटलेलाच घरी जायचंय.