तक्त्यातली साखर

पुतण्या परागनं कोरियाहून जिनसेंग मुळीच्या अर्काची बाटली आणली आणि निवृत्त उत्तममास्तरांच्या अंगात पुन्हा विज्ञानाचा तास संचारला.

"एका वेळी एकच औषध तपासायचं," ते बायकोला, मनोरमाबाईंना म्हणाले. "महिनाभर तुझ्या डायबिटीसच्या गोळ्या बंद. फक्त अर्क. मग कळेल कशानं काय होतं ते."

मनोरमाबाई बरं म्हणाल्या. पण त्यांच्या आईचे डोळे याच साखरेनं गेले होते. गोळ्या त्यांनी लपवून ठेवल्या आणि रोज नेमानं घेतल्या.

साखर ताब्यात राहिली. मास्तर दर सोमवारी घरच्या यंत्रावर तिच्या रक्ताचा थेंब तपासून आकडा तक्त्यात लिहीत आणि भाईंदरच्या त्यांच्या घरी येईल त्याला तक्ता दाखवत. त्यांचा खुललेला चेहरा बघून बाईंना खरं बोलवेना. भिंतीवरचा कागद, कुणाचं काय बिघडतंय, अशी त्या मनाची समजूत घालत.

पुढच्या महिन्यात जवळच्या डोंगरी गावाहून भाजी आणणाऱ्या जिजाबाई दारात टेकल्या त्या पाणी मागतच.

"मास्तरांनी मुळीचा रस दिला ना, तवापासून मी माज्या शुगरच्या गोळ्या बंद केल्या," त्या म्हणाल्या. "पन तोंड सारखं सुकतंय गं बाय. रातभर मोरीकडं फेऱ्या."

"लागेल थोडा वेळ," मास्तर आतून म्हणाले. "हिचं बघा ना, एकशे वीस!"

"हिची बरोबरी कशी व्हायची? ही बशीत जेवते, मी परातीत!" हसत हसत जिजाबाईंनी दुसरा तांब्याही संपवला.

त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं.

"काय लागलं?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"काटा. पंधरा दिस झाले, भरतच न्हाय."

मनोरमाबाईंनी लपवलेल्या गोळ्यांची पट्टी आणून समोर ठेवली.

"मी एकही दिवस गोळी चुकवली नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "तक्त्यातले आकडे त्या मुळीचे नाहीत."

मास्तर बाहेर आले. चेहरा पार उतरलेला. "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही इतके खुशीत होतात..."

"आन् तुमच्या खुशीपायी माजा अंगठा?" जिजाबाई म्हणाल्या. या वेळी त्या हसल्या नाहीत.

मास्तरांनी पायात चपला सरकवल्या. "उठा, डॉक्टरांकडे जाऊ. चूक माझीही आहे. न विचारता गोळ्या सोडायला नको होत्या, हे मीच सांगायला हवं होतं."

रिक्षात जिजाबाई मास्तरांशी बोलत राहिल्या, भाजीचं, बाजारातल्या दरांचं. उतरताना मनोरमाबाईंनी आधाराला हात पुढे केला, तेव्हा जिजाबाईंनी रिक्षाची दांडी धरली.