तळं कूस बदलतं तेव्हा

मित्रांनो, साडेसात किलो शिसं म्हणजे नेमकं किती, हे समजून घ्यायचं असेल तर ते पायाच्या अंगठ्यावर पाडून बघावं. मी तेवढाच आहे. अंगाने लांबट, वर दोरासाठी कडी आणि खाली बुडाशी वाटीएवढा खळगा. पाण्याची खोली मोजणं हे माझं काम. लोक मला ठोकळा म्हणायचे, माझा माणूस मात्र लाडाने शिसोबा म्हणायचा. स्वभावाने मी शांत नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या माणसाचं नाव एकाने बुडवलं आणि तो राग मी एकोणीस वर्षं पोटात धरून बसलो. त्याचीच ही गोष्ट आहे.

बोटी दुरुस्त करायच्या शेडमध्ये जुने नळ वितळवून मला ओतलं गेलं. गार होताच मी मोजणीदाराच्या हातात पडलो. मोजणी खात्याच्या लाँचवर तो नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, उभा राहायचा, मला झोका देऊन पुढे फेकायचा आणि दोर हातातून सोडायचा. दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं तो एक वाव. प्रत्येक वावाला दोरात चामड्याची पट्टी होती. तो डोळे मिटून पट्ट्या चाचपायचा आणि आकडा मोठ्याने ओरडायचा. माझ्या खळग्यात चरबी भरलेली असे. तिला तळाचं जे चिकटेल ते वर यायचं. नदीच्या मुखाशी काळा गाळ, बेटांच्या आडोशाला शिंपल्यांचा चुरा, मधोमध लोण्यासारखी मऊ, निळसर चिकणमाती. चरबीवर काहीच न लागता नुसता वळ उठला, तर खाली खडक.

आमचं पाणी कागदावर सरोवर आणि काठावरच्या लोकांच्या तोंडी तळं. तळं म्हटलं म्हणून कमळं डोळ्यांसमोर आणू नका. या काठावरून तो काठ दिसत नाही. पूर्व-पश्चिम लांबी ओलांडायला लाँचला अख्खा दिवस लागतो. पाच नद्या आत येतात आणि एकच बाहेर पडते. मधोमध माझा एकशे चाळीस वाव दोर संपायचा. तिथलं पाणी ऐन उन्हाळ्यातही इतकं गार की मी वर आलो की मोजणीदार मला फडक्यात धरायचा.

पण या तळ्याची खरी खोड वेगळीच. पश्चिमेचा वारा दिवसभर लागून राहिला की सगळं पाणी पूर्वेकडे ढकललं जातं. परात कलती केल्यावर पाणी एका काठाशी जमतं ना, तसंच. पश्चिमेच्या होड्या चिखलात बसतात आणि पूर्वेच्या धक्क्याच्या पायऱ्या बुडतात. वारा पडला की पाणी उलटं फिरतं, आणि असं फिरतं की पूर्वेला नेहमीपेक्षाही खाली उतरतं. पावसाचा थेंब नसताना काही तासांत पुरुषभर फरक पडतो. काठावरचे लोक म्हणतात, तळ्याने कूस बदलली.

हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या साहेबांना. ते समुद्रावरून बदली होऊन आले होते आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'समुद्रावर आम्ही' असं सुरू व्हायचं, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे समुद्रसाहेब म्हणायचे. पूर्वेच्या टोकाला बेट आणि काठ यांच्यामध्ये एक अरुंद वाट आहे. ती नकाशावर मोकळी दाखवली तर प्रवासी बोटींचा दोन तासांचा वळसा वाचणार होता, आणि ती वाट शोधल्याचा मान साहेबांना हवा होता. नकाशा छापायला द्यायची तारीख तोंडावर आली होती. दोन दिवस पश्चिमेचा वारा सुटलेला असताना त्यांनी आम्हाला त्या वाटेत नेलं. मी खाली गेलो. मोजणीदार ओरडला, "दोन वाव!" माझ्या चरबीवर खडकाचा वळ होता.

त्याने तो वळ साहेबांना दाखवला. म्हणाला, पाणी चढलेलं आहे, वारा पडल्यावर उद्या पुन्हा मोजू. साहेब हसले. "समुद्रावर आम्ही भरती-ओहोटी धरून आकडे कापतो. हे गोडं पाणी. याला ना भरती, ना ओहोटी. मोजलं ते मोजलं." आणि त्यांनी वहीत दोन वाव लिहून टाकलं. मित्रांनो, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले लोक मी पुष्कळ पाहिलेत, पण त्यांच्या हातात नकाशा देऊ नये.

पुढच्या महिन्यात एक भरलेली प्रवासी बोट छापून आलेला नकाशा बघून त्या वाटेत शिरली. वारा नुकताच पडला होता. बोट खडकावर फाटली. माणसं कोळ्यांनी बाहेर काढली, पण बोट गेली आणि चौकशी बसली. लांब टेबलावर मला पुरावा म्हणून ठेवलं होतं, म्हणून मी शब्द न् शब्द ऐकला. साहेब म्हणाले, माणसाचं वय झालंय, दोरही ताणलेला होता, मोजायला चुकला. मोजणीदार म्हणाला, आकडा खरा होता, पाणी चढलेलं होतं. पाऊस नसताना पाणी कसं चढेल, असं बाहेरगावच्या चौकशीवाल्यांनी विचारलं आणि ते एकमेकांकडे बघून हसले. धक्क्यावर रोज पाण्याची पातळी लिहिणारा कारकून तिथेच बसला होता. त्याच्या वहीत त्या दिवशीची चढलेली पातळी होती. पण त्याची नोकरी कच्ची होती, त्यामुळे त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. कागदावर शेरा पडला: 'खोली मोजणाऱ्याची चूक.'

मोजणीदाराला घरी बसवलं. त्यानंतर रस्त्यात पोरं त्याला 'काका, किती वाव?' म्हणून चिडवायची. वाणी त्याच्या देखत माल दोनदा तोलायचा आणि बाकीची गिऱ्हाइकं खुसखुसायची. तो मागच्या गल्लीने जायला लागला. पाण्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. आणि मी? मला साहेबांच्या खोलीच्या दाराला टेकण म्हणून ठेवलं. एकोणीस वर्षं ते दार माझ्या अंगावर आपटत होतं. झाडूवाली मला पायाने सरकवायची, चहावाला माझ्यावर थेंब सांडायचा. त्यांच्यावर माझा राग नव्हता. साहेबांवर मात्र असा होता की त्यांचं पाऊल वाजलं की मी बोटभर पुढे सरकण्याची इच्छा करायचो. दोनदा त्यांचा अंगठा माझ्यावर फुटला. दोन्ही वेळा मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फुटका अंगठा महिन्याभरात बरा होतो. मला भरून न येणारं काहीतरी हवं होतं.

ते घेऊन मोजणीदाराची मुलगी आली. बापाला घरी बसवलं तेव्हा ती सात वर्षांची होती. आता खात्याची लाँच तीच चालवत होती. साहेब निवृत्त होणार होते, त्यांच्या जागी नव्या बाई आल्या होत्या, आणि अपघातानंतरही नकाशावर मोकळीच राहिलेल्या त्या वाटेला जाता जाता साहेबांचं नाव द्यायचं ठरत होतं. मुलगी खोलीत आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, की निरोपाला साहेबांनी त्या वाटेत जुन्या पद्धतीने एकदा खोली मोजावी, फोटो छान येईल. साहेब खुलले. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि धक्क्यापर्यंत कुठेही खाली ठेवलं नाही. मी ओळखलं, हिचाही राग माझ्याच वजनाचा आहे.

तिने दिवस नेमका निवडला. दोन दिवस पश्चिमेचा वारा वाहत होता. सकाळी धक्क्यावर तिने नवा दोर काढला आणि नव्या बाईंच्या हातात टेप देऊन पट्टी न् पट्टी त्यांच्याकडूनच मोजून घेतली. बाईंना आकड्यांची आवड, त्यांनी सगळं टिपून ठेवलं. मग बरोबर त्या खडकावर तिने पुढून-मागून नांगर टाकून लाँच बांधली. साहेबांनी मला झोका दिला. "दोन वाव," ते म्हणाले, आणि बाईंकडे वळून म्हणाले, एकोणीस वर्षांपूर्वी मी छापलं तेच. चौकशीत हाच आकडा चुकीचा म्हणून मोजणीदारावर ढकलला होता, हे ते विसरले होते. फोटो निघाला. साहेब खूश, फोटोवाला खूश. मी तळाशी त्याच खडकावर बसून वाट बघत होतो.

मग मुलीने इंजिन उघडलं. कचरा अडकलाय म्हणाली, साफ करून निघू, तोवर डबे खाऊन घ्या. तिने एकेक सुटा भाग फडक्यावर मांडला, पुसला, पुन्हा पुसला. वारा मंदावला, मग पडला. काठावरचे दगड हळूहळू उघडे पडायला लागले. दुपार कलली तेव्हा ती साहेबांना म्हणाली, "वारा नसताना एक फोटो घेऊ. टाका परत."

साहेबांनी मला वर घेऊन टाकलं आणि मी लगेच खडकावर टेकलो. दोर हातात ढिला पडला. त्यांनी मला वर ओढून पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा टाकलं. मित्रांनो, त्यांच्या बोटांतला घाम मला दोरातून कळत होता.

"किती?" मुलीने विचारलं.

ते पुटपुटले.

"मोठ्याने, साहेब. बाबा मोठ्याने सांगायचे."

"एक वाव," साहेब म्हणाले. "वर चार बोटं." मग घाईने म्हणाले, दोर ताणला असेल. बाईंनी वहीतून डोकं वर काढलं आणि शांतपणे सांगितलं, दोर मी मोजलाय.

इतक्यात लाँचच्या पोटाखाली खर्र झालं. तिचा तळ पाण्याखाली वावभर होता आणि पाणी अजून उतरत होतं. साहेबांनी कठडा धरला. निघा आता, ते म्हणाले. मुलगी मांडी घालून फडक्यावरचे भाग बघत राहिली. तिला काही घाई नाही, असं तिने सांगितलं. तळ्याने कूस बदलली की त्याला थोडा वेळ लागतो. पुन्हा खर्र झालं. माझ्या मनात आलं, आपटू दे, फाटू दे, यांनाही गार पाणी कळू दे. पण तशी वेळ आली नाही. साहेबांचा आवाज निघाला, तो एकोणीस वर्षांत मी कधी ऐकला नव्हता एवढा बारीक होता.

"त्याची चूक नव्हती. पुन्हा मोजू म्हणाला होता. मी ऐकलं नाही."

बाईंनी ते वाक्य वहीत उतरवलं, खाली तारीख घातली आणि वही साहेबांसमोर सहीला धरली. सही झाल्यावर मुलीने इंजिन पाच मिनिटांत जोडलं. निघताना खडकाने लाँचच्या तळाच्या रंगाचा लांबलचक पट्टा काढून घेतला.

चौकशीचा शेरा बदलला. वाटेला साहेबांचं नाव द्यायचा ठरावही बदलला, पण पूर्ण नाही. नवा नकाशा छापून आला तेव्हा त्यावर धोक्याची फुली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'साहेब खडक'. आता प्रत्येक बोटीवर ओरडतात, साहेबापासून लांब राहा. हे ऐकलं की मला अजूनही गुदगुल्या होतात.

शेरा बदलल्याचा कागद आला त्या सकाळी मोजणीदार मधल्या रस्त्याने, वाण्याच्या दुकानासमोरून चालत धक्क्यावर आला. तो आता पार वाकला होता. कोणी नमस्कार केला, कोणी खुर्ची पुढे केली, त्याने पाहिलं नाही. मुलीकडून दोर घेऊन त्याने मला पायऱ्यांवरून फेकलं, डोळे मिटून पट्टी चाचपली आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा आकडा ओरडला. तो कारकून, आता पक्क्या नोकरीतला आणि पिकल्या केसांचा, मान खाली घालून लिहायला लागला. मोजणीदार त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"वारा पण लिही," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. वस्तू जपताना ती धरणारा हातही जपा, आणि 'उद्या पुन्हा मोजू' असं तो म्हणाला तर एक दिवस थांबा. आपली चूक त्याच्यावर ढकलायचा मोह झालाच, तर आधी दाराशी वाकून बघा, माझ्यासारखं कोणी तिथे पडलेलं आहे का. आम्हाला घाई नसते.