माहितीदार क्रमांक चार

“‘माहितीदार क्रमांक चार सांगते,’” साहेबांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि पुढचं सावकाश वाचलं, “‘तीन नंबरच्या मशीनच्या दारात उशीच्या अभ्र्याचं टोक अडकवलं, की दार नीट लागत नाही आणि मशीन बंद पडतं. मेकॅनिक येईपर्यंत अर्धा तास जातो. तेवढा वेळ जिची पाळी असेल ती बसते.’”

इस्पितळाच्या धुलाई विभागात सहा बायका भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांतली वयाने सगळ्यांत मोठी, जिला साऱ्या थोरली म्हणत, तिने झटकन मान वर केली. ते वाक्य तिचं होतं, शब्द न् शब्द. स्वयंपाकघरात भांडी विसळता विसळता तिने ते आपल्या लेकीला हसत हसत सांगितलं होतं.

“कोण ही क्रमांक चार?” साहेबांनी विचारलं.

“मीच, साहेब. अभ्रा मीच अडकवायचे. यांना काही ठाऊक नाही.”

“असं? मग पान एकवीसवर पाळ्यांचं कोष्टक आहे, ते कुणाचं? सोमवार ते शनिवार, सहा वार, सहा बायका.” साहेबांनी कॉलेजच्या प्रकल्पाचे कागद मिटले. “फार कष्टाने केलंय हो तुमच्या मुलीने. माझ्या हाताखालच्या एकालाही इतकं नीट कोष्टक जमत नाही.”

कौतुक करावं तर साहेबांनीच! सहाजणींना मेमो मिळाले, मशीनपाशी देखरेखीला माणूस बसला, आणि आपापल्या कामाला लागेपर्यंत कुणी थोरलीकडे पाहिलं नाही. शेवटी हवालदारीण थांबली. आवाज आणि अंगकाठी दोन्हींमुळे तिला ते नाव पडलं होतं, पण आज तिचा आवाज अगदी खाली होता.

“तुझी लेक म्हणून बोललो गं आम्ही. एरवी वही घेऊन आलेल्या कुणाला दारात तरी उभं केलं असतं का?”

थोरलीने पुढ्यातली गाडी ढकलायला घेतली. लेकीला तिनेच आणलं होतं, तिनेच प्रत्येकीपाशी नेऊन बसवलं होतं. “शिकतेय पोर, बोला मोकळेपणी,” असं तिनेच म्हटलं होतं. बाळंतपणानंतर महिन्यात कामावर आलेली बारकी तर लेकीपुढे डोळे पुसत बोलली होती. तिचा वार शुक्रवार होता आणि आज गुरुवार होता.

लेकीने समाजशास्त्र घेतलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी नाक मुरडलं होतं. “समाजाचं शास्त्र शिकून करणार काय? समाज पगार देतो होय?” असं धाकट्या दिराने विचारलं, तेव्हा थोरलीने त्याला सुनावलं होतं, “आमच्यासारख्यांकडे बघायला कुणीतरी शिकायला नको का?” त्या वाक्याचा तिला तीन वर्षं अभिमान होता. आज ते आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

संध्याकाळी लेक घरी आली ती उड्या मारतच. “आई, माझा प्रकल्प पहिला आला! बाई म्हणाल्या, तिसऱ्या वर्षाला असलं काम त्यांनी पाहिलं नाही.”

“हो. आम्हाला वाचून दाखवलं आज साहेबांनी.”

लेकीचा चेहरा उतरला. दप्तर तिने तसंच हातात धरून ठेवलं. “पण मी सगळ्यांची नावं बदलली होती गं.”

“नावं बदललीस. मशीन बदललंस का? इस्पितळात तीन नंबरचं मशीन एकच आहे, बाई.”

“मला वाटलं, साहेब लोक कुठे वाचणार आहेत...”

“त्यांना प्रत दिली कुणी?”

लेक दप्तराचा पट्टा पिळू लागली. थोरलीने पुन्हा विचारलं नाही, नुसती बघत उभी राहिली. लहानपणी काही फोडलं की पोर अशीच काहीतरी पिळत बसायची, आणि मग आपणच सांगायची.

“इस्पितळाच्या परवानगीच्या पत्रात अट होती,” लेक म्हणाली. “काम झाल्यावर एक प्रत त्यांना द्यायची. मी सही केली होती.”

“कधी?”

“सुरुवातीलाच.”

“म्हणजे मी तुला बारकीपाशी बसवलं, तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“आई, मी मशीनचं ते प्रकरण काढणार होते. खरंच. पण बाई म्हणाल्या, याच्यामुळेच सगळं उठून दिसतंय. बायका न बोलता कशा लढतात, ते फक्त त्यातच होतं. ते काढलं असतं तर उरलं काय असतं?”

“आमचा अर्धा तास उरला असता.”

कुंपणानेच शेत खाल्लं तर कुणाकडे दाद मागायची? परक्याने केलं असतं तर थोरलीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पोटच्या पोरीला काय म्हणणार? संताप होताच, पण त्याहून जास्त वाटत होती ती लाज. आपण भांडी घासत जे बोलत होतो ते पोर ऐकत नव्हती, टिपून घेत होती, हे तिला सहन होईना.

“मी उद्या येते,” लेक रडत म्हणाली. “सगळ्यांची माफी मागते.”

“नको. परत माहिती घ्यायला आलीस, असं वाटेल त्यांना.”

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचं मशीन दिवसभर न थांबता चाललं. दुपारी बारकी उभ्याउभ्याच भिंतीला डोकं टेकून दोन क्षण थांबली, तर देखरेखीचा माणूस खाकरला आणि ती सरळ झाली. थोरलीने ते पाहिलं आणि मान खाली घातली.

वाळलेल्या चादरींचा ढीग पुढ्यात पडला. मोठ्या चादरीची घडी हे दोघींचं काम. एकीने दोन टोकं उचलली की समोरची कुणीतरी उरलेली दोन धरते, त्यासाठी कधी हाक मारावी लागत नाही. थोरलीने चादर उचलली आणि हात पसरून उभी राहिली. समोरून हवालदारीण गेली, बारकी गेली, बाकीच्याही आपापल्या गाड्या ढकलत गेल्या.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग चादरीची वरची कड हनुवटीखाली दाबून धरली, दोन्ही हात खाली नेले आणि जमिनीला टेकू न देता एकटीने घडी घालायला घेतली.