एका चुलीचा नकाशा

पेणच्या रामवाडीतल्या नकाशे काढायच्या ऑफिसचे शटर रोज प्रणिताच उघडत असे. आधी माठ भरायचा, मग चपला बाहेर काढून आतल्या काचेच्या खोलीत जायचे. संगणकाला धूळ चालत नाही, असा कागदच कमळाकरसाहेबांनी दारावर चिकटवला होता. प्लॅस्टिकच्या आवरणाची घडी घालायची, स्टॅबिलायझरचा काटा स्थिर होऊ द्यायचा आणि मगच बटण दाबायचे. पडदा उजळेपर्यंत ती खिडकीतून हायवेवरचे ट्रक पाहत उभी राही. तिचा जुना ड्रॉइंग बोर्ड कोपऱ्यात भिंतीला टेकून होता. साहेब हल्ली त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी रचत.

ते अठ्ठ्याण्णव साल होते. खाडीकाठचे एक गाव कंपनीच्या धक्क्यासाठी उठत होते, आणि मिठागरावर राबणाऱ्या तिथल्या लोकांना रोह्याजवळ घरे मिळायची होती. प्रत्येकाला गरजेप्रमाणे घर, असे कंपनीने कबूल केल्यामुळे प्रत्येक नकाशा वेगळा. हाताने काढायचे तर पावसाळा उलटला असता. म्हणून साहेबांनी पुण्याहून एक प्रोग्रॅम आणला. जागेची लांबी-रुंदी, माणसे किती आणि चुली किती, एवढे भरले की तो आपणच खोल्या मांडून देई. दारे, खिडक्या, पलंगाची जागासुद्धा. पहिल्या दिवशी प्रणिता खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली होती.

त्या सकाळी नकाशा पाहून अंगठा द्यायला धोंडुबाई आल्या. बरोबर थोरला मुलगा दिनानाथ आणि धाकट्या जनूची विधवा, हौसा.

"टीव्हीची जागा पन दावलीय, आये!" दिनानाथ खुशीत म्हणाला. "बघ, तुझी खाट खिडकीशी."

"माझी खाट कुठं हाय ते मशीनला कुनी सांगितलं?" धोंडुबाई हसल्या. "लईच चोंबडं दिसतंय."

हौसा मागे उभी होती. तिने पुढे होऊन एका लहान चौकोनावर बोट ठेवले. "ह्ये काय, ताई?"

"स्टोअर."

"म्हंजी?"

"अडगळीचं सामान ठेवायची खोली."

"आन् मी कुठं?"

दिनानाथ चुळबुळला. "आपल्यातच की गो. सैपाकघर केवढं मोठं दिलंय बघ."

"मंग मी सामानातच," हौसा म्हणाली आणि मागे सरली.

प्रणिताचे कान तापले. पाहणीसाठी ती स्वतःच त्या घरी गेली होती. तिने चुली विचारल्या तेव्हा धोंडुबाई ठसक्यात म्हणाल्या होत्या, "एकच हाय गो, लिही." त्याच वेळी मागच्या पडवीतून भाजत्या बोंबलाचा वास येत होता आणि कौलांतून दुसरा धूर निघत होता. जनू गेल्यावर हौसाचे आणि जावेचे पटेना. तेव्हापासून ती पडवीत वेगळे रांधत होती. हे प्रणिताने डोळ्यांनी पाहिले आणि म्हातारीचा मान राखून एक लिहिले. चूल म्हणजे कुटुंब, हा त्या गावचा हिशेब. प्रोग्रॅमचाही हिशेब तोच.

"आजी," तिने जपून विचारले, "दोन चुली लिहिल्या तर एका घराची दोन घरं होतील. तुम्ही हो म्हणालात तर अजूनही बदलता येईल."

धोंडुबाईंचे हसू मावळले. "जनूच्या मागं माझं घर फुटलं, असं कागदावर लिवू? मी जिती हाय तवर नाय." आणि त्यांनी एक चूल लिहिलेल्या संमतिपत्रावर अंगठा उमटवला.

चपला घालताना हौसा रेंगाळली. बाकीचे रस्त्याशी पोचल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, "सासूच्या तोंडावर मी काय बोलू, ताई? माझी चूल दोन विटांची हाय. पन माझी हाय. जावेच्या ओट्याशी उभी रायले तं मी तिची मोलकरीण. मंग कधी निघ म्हनतील, सांगता येत नाय."

प्रणिता साहेबांकडे गेली. ते फोनवर हात ठेवून म्हणाले, "अंगठा झाला ना? मग संपलं. घरातली भांडणं आपण का सोडवायची? उद्या सगळे नकाशे रोह्याला पोचले पाहिजेत."

ती पडद्यासमोर बसली. स्टोअरला खिडकी दिली. प्रोग्रॅमने घर पुन्हा जुळवले आणि खिडकी पुसली. बाहेरचे दार दिले, तेही गेले. दोन चुली भरून पाहिल्या, तर घर मधोमध चिरून दोन कुटुंबे झाली. म्हातारीने नाकारलेली भिंत तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिने ती पुसली.

मग तिने संगणक बंद केला, आवरण घातले आणि बोर्डावरची रद्दी खाली उतरवली.

ट्रेसिंग कागदावर तिने तेच घर काढले. धोंडुबाईंची खाट खिडकीशीच ठेवली. मोठ्या खोलीतून हातभर जागा काढून लहान चौकोन वाढवला. त्याला मागच्या अंगणात उघडणारे दार दिले, कोपऱ्यात मोरी, भिंतीलगत ओटा आणि वर धुराडे. आत मात्र सुवाच्य अक्षरांत लिहिले: स्टोअर. खालच्या 'आरेखन' या चौकटीत एरवी प्रोग्रॅमचे नाव छापून येई. तिथे तिने स्वतःचे पूर्ण नाव घातले.

संध्याकाळी सह्या करताना साहेब त्या कागदावर थांबले. "स्टोअरला धुराडं?"

"सुके बोंबील ठेवतात. वास जायला हवा."

त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. "कोणी विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवीन. नोकरीचं मग माझ्या हातात नाही."

"दाखवा."

त्यांनी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या कचेरीतल्या कारकुनाने गुंडाळी उलगडली. छापील नकाशांत एक हाताचा पाहून तो म्हणाला, "हा एकटाच असा कसा?"

"लाइट गेली होती," प्रणिता म्हणाली.

"पेणलाही जाते का?" त्याने शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि नकाशावर मारला. शाई वाळेपर्यंत प्रणिता टेबलापाशीच उभी राहिली.